फिरत्या ब्लाउजपिसांची गोधडी

रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या छोट्या वाचनालयात ज्यांचं येणंजाणं आहे, त्यांनी ही गोष्ट हमखास ऐकली असेल. बाईंनी गोधडी शिवली, ती वाचनालयाच्या सभागृहात टांगली, कोणीतरी काही बोललं, आणि बाईंनी रागाच्या भरात ती काढून नेऊन स्वतःच्या हातांनी फाडली. सांगणारा शेवटी कपाळाशी बोट नेऊन ते गोल फिरवतो. ऐकणाऱ्याला समजायचं ते समजतं.

ही गोष्ट खोटी आहे. मला हे ठाऊक आहे, कारण ती पहिल्यांदा मीच सांगितली. वय झालं आहे, आता पाय दुखतात आणि झोप लागत नाही. दोन्हींची कारणं डॉक्टर वेगवेगळी सांगतात, पण झोपेचं कारण मला माहीत आहे. म्हणून बाई कशा होत्या ते आधी लिहितो, मग बाकीचं.

मुलींच्या शाळेत बाई शिवण शिकवायच्या आणि मी गणित. शाळेत सगळ्याच शिक्षिका बाई. पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की ते शिवणाच्या बाईंनाच लागू व्हायचं. उंची बेताची, आवाज मात्र पटांगणाच्या पलीकडे पोचणारा. डाव्या खांद्यावरच्या पदरात दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. लग्नाला गेल्या तरी ती सुई असायची. कुणाचं बटण लोंबताना दिसलं की बाईंचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. समोरचा माणूस घरातलं दुःख सांगत असला तरी त्या त्याच्या शर्टाकडेच बघत बसायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, “हे सगळं खरं, पण आधी हात वर करा.”

अंगावरचा कपडा अंगावर शिवू नये, अशी आपल्याकडे समजूत आहे. शिवायचाच झाला तर दातात दोरा धरावा, म्हणजे दोष लागत नाही. बाईंचा दोषावर विश्वास नव्हता, पण दोऱ्यावर होता. एकदा शाळा तपासायला साहेब आले. भडकलेलेच आले होते. हजेरीपटावरून मुख्याध्यापिकांना फैलावर घेणार तोच बाई पुढे झाल्या.

“साहेब, कोटाचं वरचं बटण.”

“राहू द्या हो ते.”

“राहणार नाही, पडेल. हा दोरा दातात धरा. धरा, धरा. आणि सोडू नका, आयुष्याचा प्रश्न आहे.”

साहेब दातात दोरा धरून उभे राहिले. बाईंनी एक बटण लावलं, मग खालची दोन पक्की केली, मग बाहीची तुरपाई उसवलेली दिसली तीही घातली. तेवढ्यात चहा आला, कांदेपोहे आले. साहेबांच्या तोंडातला दोरा निघाला तेव्हा रागही निघून गेला होता. पुढे कधीही ते आले की दारातूनच विचारायचे, “शिवणाच्या बाई आहेत का? मग मी खुर्चीवर बसूनच बोलतो.”

माणसांना त्या कापडांची नावं द्यायच्या. मुख्याध्यापिका म्हणजे मांजरपाट: खरखरीत, पण धुतल्यावर मऊ पडणारं. चित्रकलेचे सर टेरिकॉट. “चुरगळत नाहीत, विटत नाहीत, पण दुसऱ्याचा घाम काही टिपत नाहीत.” मी एकदा मोठ्या हौसेनं विचारलं, “आणि मी?”

“तुम्ही बकरम.”

बकरम म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते ताठ कापड.

“का बरं?”

“आतून ताठ. पण बाहेर यायची हिंमत नाही.”

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसलो. त्या वेळी ते मला कौतुकच वाटलं होतं.

त्यांचे यजमान मुंबईला नोकरीला होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. आले की चहापाण्याआधी बाई त्यांना अंगणात उभं करून टेपनं छाती मोजायच्या. “मुंबईनं किती खाल्लंय ते बघते.” शेजारीपाजारी कुंपणाशी उभे राहून विचारायचे, “काय हो, वाढले की घटले?” यजमान लाजून आभाळाकडे बघत राहायचे. ते गेले त्या वर्षीचं मला एवढंच आठवतं की बाईंनी टेप शाळेतल्या कपाटात ठेवून दिली आणि मापं डोळ्यांनी घ्यायला सुरुवात केली.

आता ब्लाउजपिसांचं सांगतो.

हळदीकुंकवाला ओटीत नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तो पीस कुणी शिवत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यात बाही निघत नाही, रंग कुठल्या साडीवर जात नाही, आणि धुतला तर बादलीभर पाणी गुलाबी होतं. तो कपाटात जातो, आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत पडतो. बाईंना याची मोठी गंमत वाटायची. एका संक्रांतीला त्यांनी एका जांभळ्या पिसाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा अगदी बारीक टाका घातला आणि मुख्याध्यापिकांच्या ओटीत घातला. पुढे श्रावणात कधीतरी तोच पीस दूर परटवणे भागातल्या कुणा अनोळखी बाईंकडून त्यांच्या ओटीत परत आला. दुसऱ्या दिवशी तो हातात झेंड्यासारखा धरून त्या स्टाफरूममध्ये आल्या.

“आला बरं का! अख्खं गाव फिरून आला. नळाचं पाणीसुद्धा इतकं नेमानं येत नाही.”

मग त्यांना नादच लागला. दर वर्षी काही पिसांवर खूण करायची आणि वाट बघत बसायची. यजमान गेल्यावर मात्र एकही पीस परत आला नाही. कसा येणार? ओटी भरायला त्यांना कुणी बोलावलंच नाही. ज्यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं जात होत्या त्यांनीसुद्धा नाही. मला स्टाफरूममध्ये एकदाच म्हणाल्या, “माणूस गेला त्याचं मी बघून घेईन. पण गावानं कापड का हो बंद केलं? कापडाचं काय बिघडवलं होतं मी?”

मी गणिताचे पेपर तपासत होतो. मान वर केली नाही. माझ्या घरात काय चाललं होतं ते मला माहीत होतं.

माझी धाकटी बहीण शकू तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली आणि आमच्याकडे आली, ती कायमची. आमच्या घरचं चैत्रातलं हळदीकुंकू नावाजलेलं. विशेषतः आंबेडाळ. ती डाळ शकू करायची. डाळ भिजवणं, कैरी किसणं, पाट्यावर वाटणं, वरून फोडणी, आणि पन्हंही तिचंच. बायका यायला लागल्या की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. बाहेर माझी बायको वाट्या द्यायची आणि बायका म्हणायच्या, “वहिनी, डाळ खावी तर तुमच्या हातची.” हे मी बायकोवर ढकलणार नाही. घर माझं होतं. दार लोटलेलं मला दिसत होतं, आणि ते उघडायला माझी ना नव्हती, असंसुद्धा मी म्हणू शकत नाही. मी कधी काही म्हणालोच नाही.

निवृत्त झाल्यावर बाईंनी गोधडी शिवायला घेतली. एक पिशवी खांद्याला लावून घरोघर फिरायच्या. “वहिनी, कपाटात किती पीस झोपलेत तुमचे? द्या मला. सोडवा त्यांना.” बायकांनी आनंदानं कपाटं रिकामी केली. ही पहिली फेरी पुढच्या दारानं. दुसरी फेरी मागच्या दारानं. त्या फेरीत बाई विधवा बायकांना भेटल्या, एकेकीजवळ बसून विचारलं, “तुझी शेवटची ओटी कुणी भरली होती?” प्रत्येकीला आठवत होतं म्हणे. आणि मग दुसरा प्रश्न, “हळदीकुंकवाच्या दिवशी आता तू काय करतेस?”

मांडवीला मासे विकणारी यशोदा हसली होती. “आमी काय करणार गो बाय? लग्नघरात हळद कुटायला बोलवतात. लावायला नाय बोलवत.”

बाईंनी पिवळ्या पिसावर मुसळ काढलं, आणि खाली साखळी टाक्यानं नाव घातलं: यशोदा. कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. एकेका पिसावर एकेकीचं नाव, आणि ती आत बसून जे काम करते त्याचं चित्र. कुणाचं तिळगुळाचं ताट, कुणाची रांगोळी, कुणाचा नुसता भांड्यांचा ढीग. सगळ्यांच्या परवानगीनं.

चैत्रात वाचनालयाच्या महिलांनी सार्वजनिक हळदीकुंकू ठेवलं, तेव्हा बाईंनी गोधडी सभागृहात लावायची परवानगी मागितली. मी कार्यवाह होतो. गोधडी न बघताच हो म्हणालो. वर असंही म्हणालो, की असे उपक्रम व्हायला हवेत.

संध्याकाळी गेलो तर भिंतीवरच्या घड्याळापासून खिडकीपर्यंत गोधडी. तिच्यापुढे बायकांची गर्दी. आधी हसणं, नावं वाचणं. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. ज्यांच्या घरच्या कामाचं चित्र निघत होतं, त्या जरा मागे सरकत होत्या. आणि मध्येच एक हिरवा पीस होता. त्यावर पाटा-वरवंटा, भोवती डाळीचे पिवळे ठिपके. खाली शकुंतला.

“अय्या, ही सरांच्या घरची आंबेडाळ ना?” कुणीतरी म्हणालं. “आणि आपण इतकी वर्षं वहिनींना कृती विचारतोय!”

“त्यांची बहीण घरीच असते? मी तर कधी पाहिलीच नाही.”

माझी बायको तिथंच उभी होती. माझ्याकडे सगळ्या बघत होत्या असं मला वाटलं. कदाचित कुणीच बघत नसेल. बाई मात्र बघत होत्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एखादी मुलगी बटणाचं काज करत असली की त्या जशा बघायच्या, तशा, वाट बघत असल्यासारख्या बघत होत्या. मी पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं, की हो, ती माझी बहीण. त्याऐवजी मी सभागृहातल्या खुर्च्या आवरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली माझ्याकडेच होती. मी गोधडी काढली, घडी घातली, पोत्यात भरली आणि वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे ठेवली. थोड्या वेळानं बाई आल्या. कमिटीतले दोघं-तिघं होते, भांडी न्यायला आलेल्या बायका होत्या.

“गोधडी कुठाय?”

“काल तुम्हीच नेलीत ना बाई?” मी म्हणालो. “माझ्याकडून किल्ली घेऊन गेलात. विसरलात की काय?”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल. नेली असेन.” आणि निघून गेल्या.

मागून कमिटीतल्या एकानं विचारलं, एवढ्या तातडीनं का नेली? आणि माझ्या तोंडून पुढचं खोटं इतक्या सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. म्हणालो, रागावल्या होत्या, फाडून टाकते म्हणत होत्या. संध्याकाळपर्यंत गोधडी फाटल्याचं जेटीवरही माहीत झालं होतं.

त्यानंतर बाईंना पीस द्यायचं लोकांनी बंद केलं. देऊन काय उपयोग, फाडते ती. कुणी त्यांच्याशी मुद्दाम सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागले. बटणाला त्यांनी हात घातला की माणसं मागे सरकायला लागली. मग टाळेबंदी आली, वाचनालय बंद झालं, आणि ते उघडलं तेव्हा बाई केळशीला भाचीकडे राहायला गेल्या होत्या. मी दर वर्षी माळ्यावर चढून पोत्यातल्या डांबरगोळ्या बदलत होतो. चोरलेल्या वस्तूची एवढी निगा कुणी राखली नसेल. पण ती खाली काही आणली नाही.

माझी बायको गेली. तिच्या दिवसांत बायका भेटायला यायच्या, शकू चहा करायची, आणि दार लोटायची. बाहेर बसायला आता दुसरं कुणी नव्हतं, तरी लोटायची. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, की हे असंच ठेवून मीही जाईन.

गेल्या थंडीत केळशीला गेलो. दापोलीपर्यंत एसटी, पुढे दुसरी. बाई पडवीत बसल्या होत्या. मोतीबिंदू झालेला, दिसत जवळजवळ नाही. सुई मात्र खांद्यावर. भाचीनं सांगितलं, रत्नागिरीचे सर आलेत.

“कोण? बकरम?”

मी बसलो. काय काय बोलायचं ते एसटीत जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हणालो, “बाई, गोधडी मी काढली होती.”

“माहीत आहे.”

“मग त्या दिवशी हो का म्हणालात?”

“भित्र्या माणसाच्या हातात कापड असलं की ओढू नये. फाटतं.” त्या सुपारी कातरत होत्या. “मी भांडले असते तर झडती झाली असती. झडती झाली असती तर तुम्ही घाबरून समुद्रात टाकली असतीत. आहे ना ती?”

“आहे.”

“कसर?”

“लागू दिली नाही.”

“मग एवढं तोंड कशाला पाडलंय? आवाजावरूनच कळतंय.”

“लोक तुम्हाला वेडी म्हणाले, बाई. माझ्यामुळे.”

“हो,” म्हणाल्या. “त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? इथं आले ती त्यामुळेच आले.” मग सुपारी तोंडात टाकून म्हणाल्या, “पण माझी माफी मागून झाल्यावर तुम्ही मोकळे होणार, आणि ती गोधडी तिथंच राहणार. तेव्हा माफीबिफी नको. ज्यांची नावं आहेत त्यांना जाऊन विचारा, परत लावू का म्हणून. घरापासून सुरुवात करा.”

घरी आलो आणि गोधडी माळ्यावरून काढून शकूच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती पूर्ण उलगडली. आधी उलटी करून बघितली. “मागून एक गाठ दिसत नाही बघ बाईंची,” म्हणाली. मग सुलटी करून आपला पीस शोधला आणि वरवंट्यावरून हात फिरवत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं.

“लावू का परत?” मी विचारलं.

“लाव.”

“लोक विचारतील इतकी वर्षं कुठं होती.”

“मग सांग.”

“बरं.”

“आणि दादा, यंदा चैत्रातलं हळदीकुंकू मी करणार. पुढच्या खोलीत बसून. डाळ तू वाट.”

“मला येत नाही गो.”

“मलाही येत नव्हती.”

बाकीच्या जणींनाही विचारून झाल्यावर चैत्रात आमच्या पुढच्या खोलीत गोधडी लागली. ज्यांची नावं होती त्यांना आणि इतरही सगळ्यांना शकूनं स्वतः जाऊन बोलावलं. काही आल्या नाहीत. काही दारातूनच बरं नसल्याचं सांगून गेल्या. यशोदा आली, नवं लुगडं नेसून, आणि आल्या आल्या म्हणाली, “आज मुसळ नाय ना हातात देणार?” एका आजींनी कुंकवाला कपाळ पुढे केलं नाही. “नको गो, सवय गेली,” म्हणाल्या. शकूनं त्यांच्या हाताला नुसती हळद लावली आणि ओटीत जांभळा पीस घातला. आजी बराच वेळ तो पीस उलगडून बघत बसल्या.

मी आतून डाळीच्या वाट्या घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. गोधडी बाईंनी नेली नव्हती, फाडली नव्हती. मी काढली, मी लपवली, आणि बाईंवर ढकललं. बाईंचं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं आणि आताही आहे.

कुणी पदर सारखा केला, कुणी पंख्याकडे बघितलं. मग मागून एकजण म्हणाली, “सर, डाळीत मीठ कमी पडलंय.” आणि सगळ्या एकदम मिठाबद्दल बोलायला लागल्या.

संध्याकाळी केळशीला फोन लावला. बाईंनी आधी कोण कोण आलं ते विचारून घेतलं. यशोदाचं ऐकून हसल्या. मग म्हणाल्या, “सांगितलंत का सगळ्यांना?”

“सांगितलं, बाई.”

“काय म्हणाल्या?”

“मीठ कमी आहे म्हणाल्या.”

बाई पुन्हा हसल्या, खोकल्या, आणि भाचीनं दिलेलं पाणी प्यायल्याचा आवाज आला.

“मग परत सांगा,” त्या म्हणाल्या. “असलं काही एकदा सांगून लोकांना ऐकू येत नाही.”

म्हणून हे लिहून वाचनालयाच्या अंकात छापायला दिलं आहे. अंकाची प्रत केळशीला जाईल. भाची बाईंना वाचून दाखवणार आहे. माझ्याबद्दलचं वाचताना मधलं काही गाळू नकोस, असं मी तिला बजावून ठेवलं आहे.